बेटाचा नकाशा आणि आत्याबाईंचं गाव

निवृत्तीच्या वर्षी हैदराबादच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात मला सिलोनचा एक छापील नकाशा मिळाला. इंग्रजांच्या काळातला, घडीवर विरलेला. डोंगर केसाळ सुरवंटांसारखे काढलेले, किनाऱ्याला मुंगीएवढ्या अक्षरांत गावंच गावं आणि मधला बराच भाग कोरा. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण इतका जुना नकाशा पहिल्यांदाच हातात आला होता. परभणीला आल्यावर फ्रेम करून बैठकीत लावला.

पुढं नवऱ्याच्या आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, शाळा दुसरीपर्यंत. पट्टी निघाली आणि त्यांना दिसेल त्याचं अप्रूप वाटायला लागलं. चहाच्या पुड्यावरची अक्षरंसुद्धा मोठ्यानं वाचायच्या. एका सकाळी त्या नकाशासमोर उभ्या राहिल्या.

"ह्ये काय गं?"

"बेट आहे, आत्या. लंका. इंग्रजांनी काढलेली."

"अन् ह्या कडंच्या मुंग्या?"

"गावांची नावं आहेत ती."

"येवढी गावं लिवून ठिवली?" त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचं गाव कुनी लिवलं आसल का गं?"

आत्यांचं माहेर येलदरीच्या धरणात गेलं. त्या तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या होत्या. लग्नानंतर इतकी वर्षं मी हे नुसतं ऐकत आले होते, कधी काही विचारलं नव्हतं. "असणारच की," मी म्हटलं. माझा एक जुना विद्यार्थी सरकारी नोकरीत आहे, त्याला फोन केला. त्यानं आठवड्यात एका जुन्या नकाशाचा फोटो पाठवला. नदीच्या वळणावर एक ठिपका, शेजारी नाव. मी मोठ्या हौसेनं मोबाइल आत्यांपुढं धरला.

"येवढंच?" त्या म्हणाल्या.

मला राग आला. एवढं शोधून काढलं तर म्हणे येवढंच. पण दुपारभर तो शब्द डोक्यातून जाईना. संध्याकाळी मोठा कागद घेऊन त्यांच्याजवळ बसले. "तुम्ही सांगा, मी काढते."

सवयीनं उत्तर दिशा वर घेऊन मी नदीची रेघ ओढली. त्यांनी कागदच फिरवला. "आमच्या दारात उभं राह्यलं की नदी उजव्या हाताला. आसं धर." मग अंतरं सांगायला लागल्या. मळा किती लांब? भाकर नेईस्तोवर गार व्हायची न्हाई, येवढा. मारुतीचं देऊळ? आईनं हाक मारली तर ऐकू जायचं. मी प्रमाण लिहायचं सोडून दिलं. तीन दिवसांत पन्नासेक घरं कागदावर आली. कुणाच्या घरी चांगली बोरं, कुणाचं कुत्रं चावरं, तेही लिहायला लावलं.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की त्या बेटावरही इंग्रजाला कुणीतरी शेजारी उभं राहून नावं सांगितली असणार. त्यानं ती ऐकू आली तशी लिहिली. सांगणाऱ्याला तो कागद वाचता आला असता, तर काय म्हणाला असता?

चौथ्या दिवशी पिंगळीहून आत्यांचे चुलतभाऊ त्यांचे डोळे कसे आहेत ते बघायला आले. डोळे राहिले बाजूला. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "आक्का, हीर हितं नव्हती. ती आमच्या घराच्या अंगाला होती."

"मी पानी वाहिलंय तिचं. तू काय सांगायलास मला?"

"मी पडलोय की तिच्यात!"

दोघं तासभर भांडले. आवाज चढले, जुन्या वाटण्या निघाल्या. बोलता बोलता भाऊ नकाशापासून मागं सरकले. धोतराच्या सोग्यानं डोळे टिपत म्हणाले, "आता बघायला तरी कुटं जायचंय, आक्का." आत्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "काढ त्याची बी हीर."

गावात एकच विहीर होती. नकाशात दोन आहेत. मी त्याच्या झेरॉक्स काढल्या, एक भावाला दिली, एक आत्यांना. तपासणी झाल्यावर आत्या सासरच्या गावी परतल्या. परवा त्यांची सून फोनवर सांगत होती, की शेजारच्या, त्याच बुडालेल्या गावच्या दोन म्हाताऱ्या नकाशावर आपापली घरं दाखवायला आल्या होत्या आणि त्यांनी पेननं त्यात खाडाखोड करून ठेवली आहे. आत्यांनी ती करू दिली.