शेवटचं कधी पाहिलं

फोन पेडगावहून होता. मुंजाजी गुरुजींचा पुतण्या म्हणाला, "बाई, काका गेले." माझ्या तोंडून आधी निघालं ते असं, "तुला कुणी सांगितलं? तू स्वतः पाहिलंस?" तो बिचारा म्हणाला, "पाह्यलं, बाई. मी त्यांच्या उशाशीच हाय." रडू त्यानंतर आलं. ही विचारायची खोड मला गुरुजींनीच लावलेली...

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीची वर्षं होती. मी मूळची वालूरची, पेडगावच्या शाळेत नवीनच लागलेले; गुरुजी तिथे आधीपासून शिकवत होते. शाळा सुटली की ते वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवरचा फळा लिहायला जायचे. परभणीहून एसटीने आलेल्या वर्तमानपत्रातल्या, बाजारकऱ्यांनी आणलेल्या बातम्या त्यावर यायच्या. फळा रोज पुसला जायचा, तरी प्रत्येक बातमीखाली ते लिहायचे, कुणी सांगितलं, कुठं पाहिलं, कधी पाहिलं. आम्ही त्यांची फार थट्टा करायचो. ते भाजीत मीठ जास्त झालं म्हणाले, की त्यांच्या पत्नी शांताबाई म्हणायच्या, "कुणी सांगितलं? खाली नाव लिवा." गुरुजी हसत दुसरी भाकरी मागून घ्यायचे.

एका संध्याकाळी खबर आली, की वस्तीतल्या पारूबाईच्या मुलाला पिंगळी स्टेशनावर मारलं. दिवसच असे होते, की कुणालाही खरं वाटावं. माणसं काठ्या घेऊन निघायच्या बेतात होती. गुरुजींनी खबर आणणाऱ्याला इतकंच विचारलं, की तुमी डोळ्यानं पाह्यलं का? त्याने पाहिलं नव्हतं. स्टेशनावर कुणीतरी सांगितलं आणि तो सांगणारा गाडीत बसून निघून गेला. मग फळ्यावर अक्षरं उमटली, "पिंगळीची खबर. ऐकलेली आहे, पाहिलेली नाही. सांगणारा माहीत नाही." एक जण तडकला, "पोरगं तिकडं मरायलंय अन् तुमी लिवत बसलाव?" पण काठ्या थांबल्या. सकाळी मुलगा पॅसेंजरने आला. त्याची आदल्या दिवशीची गाडी चुकली होती, म्हणून तो मित्राकडे राहिला होता. गुरुजींनी आधीची ओळ पुसली नाही. तिच्याखाली लिहिलं, "मुलगा घरी आला. स्वतः पाहिला."

पुढे आम्ही दोघंही निवृत्त झालो. मी त्या वर्षांवर पुस्तक लिहायला घेतलं. मधल्या काळात काही तरुणांनी वस्त्यांमधल्या म्हाताऱ्या बायांना बोलतं करून त्यांचं बोलणं इंटरनेटवर ठेवलं होतं. त्यात पारूबाईही होती. "ऐकलेलं हाय, पाह्यलेलं न्हाई, एवढ्या अक्षरावर म्या ती रात काढली," असं ती म्हणाली होती. मी तिचं वाक्य पुस्तकात घेतलं, खाली लिंक दिली. पुस्तक छापायला जायच्या वेळी संपादकांनी कळवलं, की यातल्या बऱ्याच लिंक उघडत नाहीत, तेवढा मजकूर काढून टाका. ते संकेतस्थळ बंद पडलं होतं. पारूबाईही तोवर गेली होती.

मी पेडगाव गाठलं. गुरुजींनी ओसरीवर बसून चष्मा कपाळावर चढवला, माझा फोन नाकाशी धरला. आधी त्यांनी मी उतरून घेतलेलं एकेक वाक्य इंटरनेटवर जसंच्या तसं शोधायला लावलं, कारण कधी कधी मजकूर तोच असतो, नुसता पत्ता बदललेला असतो. काही पानं तशी सापडली. मग इंटरनेटवरच जुन्या पानांच्या प्रती जपून ठेवणारी एक जागा आहे, तिथे पाहिलं. आणखी काही मिळाली. पारूबाई मात्र कुठेच नव्हती.

"काढून टाकते तिचं वाक्य," मी म्हणाले.

गुरुजी सहसा चिडत नसत. त्या दिवशी चिडले. "बाई, पत्ता गेला म्हणून बोलणं खोटं झालं का? तुमी ऐकलं, तवाच तारीख घालून उतरून घेतलं ना? मग ऱ्हाऊ द्या की. पत्ता बी ऱ्हाऊ द्या. कधी पाह्यलं ते लिवा, अन् आता उघडत न्हाई म्हणून सांगा. वाचणाऱ्याला फसवायचं न्हाई, बस."

मी तसंच लिहून पाठवलं आणि संपादकांनी ते ठेवलं. माणूस माझ्यावर चिडला याचा मला आजही आनंद वाटतो.

गुरुजींच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गेले, तेव्हा छापण्याआधी तपासायची पानं माझ्या पिशवीत होती. गुरुजींच्या ओसरीवर एक छोटा फळा आहे. निवृत्तीनंतर घरच्या बातम्या ते त्यावर लिहायचे. त्यांच्या अक्षरातली शेवटची बातमी तशीच होती, "उद्या नळाला पाणी येणार. सांगणारा, शेजारचा वसंता." शांताबाई म्हणाल्या, "पाणी काय आलं न्हाई, बाई. पण पुसवत न्हाई..."

तिथेच बसून मी पानं काढली. विहाराच्या फळ्याबद्दल गुरुजींकडून ऐकून मी जे लिहिलं होतं, त्याच्याशेजारी संपादकांनी विचारलं होतं, याला आधार काय? मी खाली टीप लिहिली, "मुंजाजी गुरुजी, पेडगाव, यांचं बोलणं. शेवटचं पाहिलं ते त्यांच्या ओसरीवर, चष्मा कपाळावर, माझा फोन नाकाशी. आता विचारता येत नाही."