दगडी घरं घेऊन नांदेड-लातूरला

सांगलीहून नांदेडची एसटी सुटली तेव्हा माझ्या पायाशी चौदा घरांचा गठ्ठा होता. दगडी भिंतींची, माळवदाची (मातीच्या धाब्याची) मराठवाडी घरं, मी जुन्या फोटोंवरून पोस्टर रंगात काढलेली आणि फ्रेममध्ये बसवलेली. आमची शाळा विनाअनुदानित, चित्रकलेच्या मास्तरचा पगार सगळ्यांत आधी थांबतो. गावात प्रदर्शन भरवलं तर लोक यायचे, पंख्याखाली बसायचे आणि अभिप्रायाच्या वहीत भरभरून लिहून जायचे. तेव्हा मराठवाड्याचं वैभव मराठवाड्यालाच रस्त्यावर नेऊन दाखवावं, असं ठरवलं. तिथेही मंदी असेल, हे मात्र सुचलं नाही.

नांदेडला दसऱ्याची गर्दी होती. रहीमभाई नावाच्या काच-फ्रेमवाल्यानं दुकानापुढचा फूटपाथ मला वापरू दिला. पहिल्या गिऱ्हाइकानं चित्र हातात धरलं, मागची बाजू ठोकून पाहिली आणि विचारलं, "लाकूड सागाचं हाय का?"

"हो."

"मंग आतलं काढून द्या. पोराचा फोटो बसवायचाय. धाव्वीला पेपरात आल्ता."

मी आतलं काढून दिलं. संध्याकाळपर्यंत माझी तीन घरं बेघर झाली.

रहीमभाईंनी मला घरचा डबा खाऊ घातला, खिचडी-खट्टा (मसुराची खिचडी आणि चिंचेचं आंबट सार). म्हणाले, "मास्तर, बुरा नका मानू. हात चांगला हाय तुमचा. पन लोकायचं ध्यान आता निकालात हाय. लातूरला जावा. पोरं किरायाच्या खोल्यांत ऱ्हातेत, भिंती रिकाम्या असतेत."

वाटेत अहमदपूरच्या थांब्यावर हॉटेलवाल्यानं विचारलं, "सुशीला घेता का?" मी गोंधळून दोन बायका बसल्या होत्या त्या टेबलाकडे पाहिलं. सुशीला म्हणजे भिजवलेले चुरमुरे, फोडणी दिलेले. दोन बशा खाल्ल्या तरी हॉटेलवाल्याचं हसू थांबलं नव्हतं.

लातूरला देवीच्या देवळासमोरच्या रस्त्यावर जत्रेची दुकानं लागली होती. रस्त्याच्या वर, दोन्ही बाजूंना, क्लासच्या पाट्या. येणारे पालक माझ्यापाशी थांबायचे आणि विचारायचे, "मूलद्रव्यांचा तक्ता हाय का?" एका क्लासचे सर मात्र चित्र बघतच राहिले. त्यांना आकाश आवडलं होतं. "इथं लिहून द्या," ते म्हणाले, "प्रवेश सुरू." मी लिहून दिलं, आणि सुबक अक्षरात लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई हातात जेवणाचा डबा घेऊन आली. पन्नाशीची असेल. बारावीतल्या लेकीला डबा द्यायला औशाकडच्या खेड्यातून ती दर आठवड्याला यायची. क्लास सुटायला वेळ होता. एका घरासमोर ती बराच वेळ उभी राहिली.

"ह्याचं दार कामून (का) लावलंय?"

"असंच, मावशी. चित्र आहे."

"आत कोन न्हाई ना?"

मी 'नाही' म्हणालो आणि मग माझ्या डोक्यात उशिरा उजेड पडला. अशाच दगडी घरांखाली माणसं गाडणाऱ्या लातूरच्या भूकंपाला दहा-बारा वर्षं झाली होती. मी भिंती विकायला नेमका कुठल्या मुलखात आलो होतो, हे मला ती बाई विचारेपर्यंत कळलं नव्हतं.

"दार उघडा की," ती म्हणाली.

मी फ्रेममधून चित्र काढलं, रंग कालवले आणि दार उघडलं.

"आता बाहेर काढा त्यांला. हितं बाज (सुतळीची खाट) टाका. सासू बसल्यात. जाड न्हाई हो, काटक व्हत्या. मांडीवर माझी पोरगी, पाच वरसाची. तिकडं शेळी बांधा."

"तुम्ही?"

"मी त्या राती शेतावर व्हते खळ्याला, मालकांसंगं. म्हनून तर हाय. पोरीला दुसऱ्या दिशी काढली. जित्ती."

सासूबाईंचं तिनं काही सांगितलं नाही. भोवती माणसं जमली होती, पण तक्ता कुणी मागितला नाही. म्हातारीची मान मला तीनदा बदलावी लागली. चौथ्यांदा बाईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "हाव. अशाच बसायच्या."

मी चित्र कागदात गुंडाळून दिलं. "पुनर्वसनाच्या घरात लावाल?"

"न्हाई बा. पोरीच्या खोलीत लावते. तिला आजी आठवत न्हाई. अन् तिच्या खोलीवर पत्रा हाय, माळवद न्हाई."

समोरचा क्लास सुटला आणि ती गर्दीत शिरली.

सांगलीला परतल्यावर बायकोनं विचारलं, "लोकांना आवडली का चित्रं?" मी म्हटलं, "दुरुस्त्या सुचवल्या." दिवाळीच्या सुट्टीत उरलेली घरं मांडून बसलो. इतकी वर्षं मी दगडावरची सावली हुबेहूब उतरवत होतो आणि त्याबद्दल शाबासकीही घेत होतो. पहिल्या घराचं दार उघडलं. काळोखाला थोडा पिवळा दिला, अंगणात जागा केली. पण बाहेर कुणाला आणायचं, ते काही केल्या सुचेना. त्या घरातलं माझ्या ओळखीचं कुणीच नव्हतं.