चौथ्या गाण्यातला हुंदका

आमच्या धाकट्या भावोजींना सगळे कानसेन म्हणतात. पहिल्यांदा कोणीतरी चिडवायला म्हटलं असणार. त्यांनी ती पदवी समजून ठेवून घेतली. पोटापाण्याचा उद्योगही कानाचाच. एका दवाखान्यात ते लोकांची श्रवणचाचणी घेतात. पेशंटला काचेच्या खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचे आणि सांगायचं, "आवाज आला की बोट वर करा." कित्येक जण आवाज नसतानाच बोट वर करतात. भावोजी त्यांना तिथल्या तिथे पकडतात. "ऐकू आल्यासारखं वाटणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं, काका," म्हणतात आणि चाचणी पहिल्यापासून सुरू करतात.

असा हा काटेकोर माणूस घरी आला की हेवी मेटल लावतो. पत्र्याच्या शेडवर गारपीट व्हावी आणि खाली कोणाचं तरी भांडण चालू असावं, तसं ते संगीत. त्यातही सगळा जीव एकाच अल्बमवर. आपल्या बँडशी कडाक्याचं भांडून बाहेर पडलेल्या एका गायकाचा तो पहिलाच एकट्याचा अल्बम. सदतीस वर्षांपूर्वी मित्राकडून रेकॉर्ड आणून भावोजींनी त्याची कॅसेट भरली. कव्हरवरचा कवटीवर बसलेला कावळा त्यांनी कॅसेटच्या कार्डावर बॉलपेनने काढला होता. तो कोंबडीसारखा दिसतो, पण आमच्याकडे हे कोणी बोलत नाही.

तर, या अल्बमच्या चौथ्या गाण्यात गिटारचा धुमाकूळ एकदम थांबतो. दोन सेकंद शांतता. आणि त्या शांततेत, भावोजींच्या कॅसेटवर, एक बारीक हुंदका ऐकू येतो.

"मित्र तुटले, बँड सुटला. माणूस आतून हललाय, वहिनी," भावोजी मला समजावायचे. "रेकॉर्ड करणाऱ्यांनाही कळलं नाही ते. मला कळलं."

या हुंदक्यावर त्यांचं रविवारच्या श्रोतेमंडळातलं स्थान उभं होतं. मंडळाच्या पत्रिकेत त्यांनी त्यावर तीन लेख लिहिले होते. पुढे इंटरनेटवर तो अल्बम ऐकायला मिळू लागला, तर त्यात हुंदका नाही. भावोजी डगमगले नाहीत. "फाईल लहान करायला आवाज दाबतात. बारीक आवाज आधी मरतात." कानाच्या माणसापुढे कोण बोलणार?

आणि मग बातमी आली. मूळ टेपांवरून साफसूफ करून अल्बमची नवी आवृत्ती निघाली होती. भावोजींनी मंडळात जाहीर करून टाकलं, "रविवारी दहाला माझ्याकडे या. हुंदका निघाला नाही, तर मंडळात पुन्हा तोंड उघडणार नाही."

रविवारी जाऊच्या बाहेरच्या खोलीत अकरा पुरुष गुडघ्याला गुडघा लावून बसले. चहा आम्हाला ओतू देईनात, कपांचा आवाज होतो म्हणून. जाऊ स्वयंपाकघरात मला म्हणाली, "माझ्या दोन्ही बाळंतपणांत मिळून हे इतके घाबरले नव्हते."

रेकॉर्ड लागली. चौथं गाणं आलं. गिटार थांबली. दोन सेकंद गेले, धुतलेल्या ओट्यासारखे स्वच्छ. काही नाही.

"आला!" बँकेतले कॅशियर ओरडले. "काय आला हो!"

"माझ्या अंगावर काटा आला," दातांचे डॉक्टर म्हणाले. तिसऱ्याला तर तो कॅसेटपेक्षा दुप्पट दुःखी वाटला.

मी दारात उभी होते. मला भावोजींचा चेहरा दिसत होता. त्यांनी सुई उचलून मागे ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "पुन्हा ऐका. आवाज आला की बोट वर करा."

अकराही बोटं वर गेली. कॅशियरचं तर गिटार थांबण्याआधीच.

तेवढ्यात बिस्किटांची बशी धरून कोपऱ्यात बसलेले आमचे हे घसा खाकरून म्हणाले, "अरे, हुंदका म्हणजे कॅसेटवरचा तो ना? तो मी होतो."

अकराही माना त्यांच्याकडे वळल्या.

"वायर नव्हती आपल्याकडे. स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून कॅसेट भरली नव्हती का? टेप माझा, म्हणून तू मला खोलीत बसू दिलंस. मला सर्दी झालेली. हलायचं नाही म्हणालास. मी नाक धरून बसलो. मग गाणं संपलं असं वाटलं, म्हणून ओढलं."

"हे तू सदतीस वर्षांत बोलला नाहीस, दादा?"

"तू कुठला हुंदका म्हणतोस ते मला आज कळतंय. मी ऐकतो कुठे ही गाणी?"

भावोजींनी कॅसेट लावली. हुंदका आला. मग म्हणाले, "दादा, ओढ बरं." यांनी अकरा माणसांदेखत नाक ओढलं. तोच सूर, तीच लांबी. आत जाऊने तोंडात पदर कोंबला.

पण कॅशियर हटेनात. "कॅसेटवर तुमचे बंधू असतील. नव्या आवृत्तीत आम्ही आत्ता ऐकला, त्याचं काय?"

"बरोबर!" बाकीचे म्हणाले. "तो खराच असणार."

भावोजींनी नुसती मान हलवायची होती. हुंदका राहिला असता, लेख राहिले असते, मंडळातली खुर्ची राहिली असती. मी मनात म्हणत होते, हलवा हो मान, एवढं काय.

"नव्या आवृत्तीत काहीही नाही," ते म्हणाले. "दोन्ही वेळा आवाज नव्हता. तुम्ही कोणीच काही ऐकलेलं नाही."

माणसांना बहिरं म्हटलेलं एक वेळ चालतं. चहा न घेताच सगळे उठले.

भावोजींनी पत्रिकेकडे खुलासा पाठवला: चौथ्या गाण्यातला हुंदका माझ्या थोरल्या बंधूंच्या सर्दीचा आहे, तरी वाचकांनी क्षमा करावी. तो छापला नाही. त्या जागी कॅशियरांचा लेख आला, नव्या आवृत्तीत हुंदका कसा अधिक खोल झाला आहे यावर, दोन पानी. मंडळ आता त्यांच्याकडे भरतं. भावोजींना बोलावणं नसतं. त्यांचे कान आताशा पूर्वीसारखे राहिले नाहीत, असं कॅशियर फार हळहळून सांगतात.