डल्सी ट्रेलोरची पाव फेरी

"पाव फेरी फिरवावी आणि चहा प्यावा," असं डल्सी ट्रेलोर कायम म्हणायची. स्क्रू कुठलाही असो, तिचं म्हणणं हेच. टास्मानियाच्या वायव्य किनाऱ्यावर, लाल मातीत समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या गोठ्यांमधून तिने चाळीस वर्षं दूध काढायची यंत्रं दुरुस्त केली. यंत्र किती ओढतंय, कधी सोडतंय, हे ती नळीच्या तोंडाला अंगठा लावून सांगायची. गाई तिला ओळखायच्या, गाईंचे मालक तिला वचकून असायचे, आणि तिने कधी घाई केल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. एका वर्षीचा नोव्हेंबर तेवढा सोडून.

तिचा धाकटा भाऊ ऑर्मंड. दोघांनी मिळून सहा हिवाळे खपून एक गाडी बांधली होती. बुटकी, हिरवी, दोन माणसांची, ना छप्पर ना दारं. समोरून बघितली तर बदकासारख्या चपट्या चोचीच्या प्लॅटिपससारखी दिसायची. पण तिच्या इंजिनावर सुपरचार्जर होता. तो इंजिनात दाबून हवा कोंबायचा, आणि कोंबलेल्या हवेने इंजिन तापायचं. म्हणून त्यांनी अंगठ्याएवढा एक पितळी स्विच बसवला होता. हवेचा दाब ठरावीक आकड्याला पोचला की स्विच लागायचा, छोटा पंप सुरू व्हायचा आणि इंजिनाच्या घशात पाण्याचा फवारा उडायचा. फवारा लवकर उडाला तर इंजिन गुदमरणार, उशिरा उडाला तर तापून खडखडणार. तो आकडा ठरवणारा बारकासा स्क्रू स्विचच्या पोटात, रबरी टोपीखाली होता. त्या एवढ्याशा स्क्रूवरून भावाबहिणीत जेवढी भांडणं झाली तेवढी आईबापांच्या जमिनीवरूनही झाली नाहीत.

गाडी एक आणि शेड दोन. म्हणून ठरलं होतं की नोव्हेंबरातल्या टेकडीच्या शर्यतीत दोघांनी ही एकच गाडी चालवायची, ऑर्मंडने जेवणाआधी, डल्सीने जेवणानंतर. ज्याला कमी वेळ लागेल त्याच्या शेडमध्ये गाडी वर्षभर राहणार. तीन वर्षं ती ऑर्मंडकडे होती. डल्सीच्या शेडमध्ये जमिनीवर तेलाचा एक जुना डाग होता, आणि तीन वर्षांत तिने त्या डागावर साधी बादलीसुद्धा ठेवली नव्हती. त्या वर्षी ती सदुसष्टची होती. अजून किती नोव्हेंबर हातात आहेत, हे मनात येईल म्हणून ती शेडमध्ये जायचीच टाळायची.

सकाळी ऑर्मंडने टेकडी एक्केचाळीस सेकंद आणि वर छत्तीस शतांशात चढून दाखवली. आजवरचा त्याचा सगळ्यात कमी वेळ. खाली येऊन त्याने हेल्मेट काढलं, ब्रेडमध्ये गुंडाळलेलं सॉसेज घेतलं आणि बहिणीजवळ बसून ते इतकं हळूहळू खाल्लं की डल्सीचा चहा कपातच गार झाला.

ऑर्मंड स्विच नेहमी पाच पौंड दाबाला लावायचा, कारण त्याला इंजिनाची काळजी. डल्सीला सात हवे होते, म्हणजे दुसऱ्या वळणानंतर इंजिन मोकळेपणी ओढेल. रीतीप्रमाणे स्विच काढायचा, सायकलचा पंप आणि दाबाचा काटा लावायचा, दोन तारांना एक छोटा दिवा जोडायचा, आणि दिवा किती पौंडाला लागतो ते बघत पाव पाव फेरी फिरवायची. पण पंप ऑर्मंडच्या पिशवीत होता, आणि तिला त्याच्याकडे काही मागायचं नव्हतं. तिने अ‍ॅलन की घेतली, रबरी टोपी उचलली आणि त्या किल्लीने स्क्रू अंदाजाने फिरवला. तोही पाव नाही, अर्धा.

हाताला चाळीस वर्षांची सवय होती ती गोठ्यातली. तिथे यंत्र हवा ओढतं, इथे हवा कोंबतं. हात गोठ्याच्या हिशेबाने फिरला, म्हणजे बरोबर उलटा. स्विच सातऐवजी दोन पौंडांवर जाऊन बसला.

निशाण पडलं. गाडी उसळली, दोन पौंड दाब झाला, फवारा उडाला, इंजिन गुदमरलं. गुदमरलं म्हणून दाब उतरला, फवारा थांबला, इंजिनाला शुद्ध आली. शुद्ध आली की दाब, दाब आला की फवारा. फुस्स-ठक, फुस्स-ठक, सेकंदाला एक ठोका, अशी गाडी टेकडी चढू लागली. पायी चाललेला माणूस तिच्या बरोबरीने गप्पा मारत गेला असता.

दुसऱ्या वळणाला लॉइड फेर्नीचं कुरण होतं, आणि कुरणात त्याच्या नव्वद गाई. त्यांनी माना वर केल्या. दूध काढायचं यंत्र असेच मिनिटाला साठ ठोके देतं. त्या गाईंनी जन्मापासून दिवसातून दोनदा हाच आवाज ऐकला होता. गोठा आज आपणहून भेटीला आलाय असं समजून त्या उठल्या, ओळीने कुंपणाशी आल्या, आणि पुढच्या जाड गाईने कुंपण ढकलून रस्त्यावर पाऊल ठेवलं.

डल्सीने ब्रेक दाबला. नव्वद गाई गाडीभोवती शिस्तीत उभ्या राहिल्या. एकीने तर पाठ फिरवून, पाय फाकून जागाही घेतली. इंजिन अजून ठोके देत होतं. डल्सी ते ऐकत बसली. हा आवाज तिने हजार गोठ्यांत स्वतःच्या हाताने जुळवला होता. हात कुठे फसला हे तिला तिथेच, गाईच्या शेपटीखाली बसून कळलं.

गाई कुरणात लोटून कुंपणाला दोरी बांधेपर्यंत अर्धा तास गेला. मुख्य पंच थेल्मा क्रॉसवेल, पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होती. तिने नियमांचं पुस्तक उघडलं. धाव चालू असताना वाट अडली, तर धाव पुन्हा.

"गाई तिनेच बोलावल्या," ऑर्मंड म्हणाला.

"वाट का अडली ते पुस्तक विचारत नाही," थेल्मा म्हणाली. "तूही विचारू नकोस. दहा मिनिटं आहेत."

डल्सी भावाच्या पिशवीतून पंप काढून गाडीशी गुडघे टेकून बसली. पण पंप मारायचा, काटा बघायचा, दिवा धरायचा आणि स्क्रू फिरवायचा, एवढं दोन हातांत होईना. ऑर्मंड थोडा वेळ हाताची घडी घालून उभा राहिला. मग त्याने घडी सोडली, खाली बसला आणि दिवा धरला. इंजिन त्याचंही होतं.

दिवा दोन पौंडालाच लागला. डल्सीने किल्ली लावली, आणि हात पुन्हा सवयीने निघाला.

ऑर्मंडने डोळे मिटले. गप्प बसला असता तर गाडी चौथं वर्षही त्याचीच होती.

"उलटी फिरव, म्हातारे," तो म्हणाला. "तू हवा भरतेयस, दूध काढत नाहीयेस."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. उलट्या बाजूने पाव फेरी, मग पंप, मग दिवा. पुन्हा पाव, पुन्हा पाव, मग किंचित. दिवा सात पौंडाला लागला तेव्हा दीड मिनिट उरलं होतं.

या खेपेला इंजिनाने एकसंध, लांब गर्जना केली, आणि दुसऱ्या वळणावरच्या गाईंना तिच्यात कणभरही रस वाटला नाही. एक्केचाळीस सेकंद आणि वर एकतीस शतांश.

ऑर्मंड दोनदा फलक वाचून आला. मग म्हणाला, "गाडी मीच आणून लावतो तुझ्या शेडमध्ये. तू वाटेत स्विचला हात लावशील."

तेवढ्यात थेल्माला लॉइड फेर्नीचा फोन आला. तो शहरात लग्नाला गेला होता, आणि गाईंची बातमी त्याला तिथे पोचली होती. गाईंना पान्हा फुटलाय, आता थांबवून चालणार नाही, कोणी गोठ्यात नेईल का, असं विचारत होता. लोक एकमेकांकडे बघू लागले. डल्सीने हेल्मेट गाडीच्या नाकावर ठेवलं, कुंपणाची दोरी सोडली आणि गोठ्याकडे चालू लागली. मागून जाड गाय निघाली, तिच्यामागे दुसरी, मग सगळ्याच.

टेकडीच्या उतारावरून ती ओळ गोठ्याकडे जाताना थेल्मा बघत होती, चहावाले बघत होते, आणि ऑर्मंड गाडीत बसून, बहिणीचं हेल्मेट मांडीवर घेऊन, शेवटची गाय दिसेनाशी होईपर्यंत बघत होता.