दारावरचे कुंकवाचे हात

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही. वडील गवंडी, आई शिवणकाम करते. ज्यूंच्या इतिहासावर माझ्यासारख्या इंजिनिअरिंगच्या मुलाने लिहावं, असं माझ्यापाशी काही नाही. पण एका ज्यू बाईंच्या घरी मी दीड वर्ष राहिलो आणि माझ्या हातून एक गोष्ट घडली. तेवढीच सांगतो.

घर सिंगापूरच्या बुकित बातोक भागातलं, आठव्या मजल्यावरचं. आंटी नव्वदीला टेकलेल्या, एकट्या. जन्म बगदादचा, बालपण भायखळ्यातलं, लग्न होऊन सिंगापूरला आलेल्या. खोली बघायला गेलो तेव्हा मी इंग्रजी जुळवत होतो, तर त्या म्हणाल्या, "मराठी बोल ना रे. मला येते. भायखळ्याची आहे, जरा मोडकी आहे, पण चालते."

मी खोलीचं भाडं विचारायचंही विसरलो.

त्या घरातले शनिवार मला अजून आठवतात. शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून आंटी चूल पेटवत नसत. शुक्रवारी संध्याकाळीच अंडी मंद आचेवर ठेवलेली असत. सकाळपर्यंत ती आतून तपकिरी होत. सोबत तळलेलं वांगं आणि कैरीचं पिवळंधमक लोणचं. त्याला त्या 'अंबा' म्हणत.

"हे तुमचंच आहे. तुमचा आंबा जहाजात बसून बगदादला गेला, तिथे त्याचा अंबा झाला. आता खा, प्रोफेसर. आईने जेवायला शिकवलं की नुसता अभ्यासच?"

मला त्या 'प्रोफेसर'च म्हणत. मी एका विषयात नापास झालो त्या आठवड्यात तर जरा जास्तच.

रोज सकाळी त्या दार उघडून बाहेर येत, दाराची बाहेरची बाजू वरपासून खालपर्यंत बघत आणि आत जात. कुणी जाहिरातीचे कागद चिकटवलेत का ते बघत असतील, असं मला वाटायचं. त्यांच्या धर्मात दाराच्या चौकटीवर प्रार्थनेची छोटी नळी लावतात. आंटींनी ती आतल्या बाजूला लावली होती, बाहेरून दिसणार नाही अशी.

गेल्या वर्षी सरकारी दुरुस्तीत आमच्या मजल्यावरची सगळी दारं बदलली. नवं दार बसलं त्या दिवशी आंटी भाचीबरोबर डॉक्टरकडे गेल्या होत्या. मला आमचं घर आठवलं. वडिलांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा रचून दोन खोल्या बांधल्या, तेव्हा आईने दाराच्या दोन्ही बाजूंना कुंकवाचे हात उमटवले होते. सेरंगून रोडवरच्या भारतीय दुकानातून आणलेली कुंकवाची पुडी माझ्याकडे होती. मी कुंकू पाण्यात कालवलं आणि आंटींच्या नव्या दारावर दोन्ही पंजे उमटवले. त्यांना गंमत वाटेल म्हणून फोटोसुद्धा काढून ठेवला.

लिफ्टमधून बाहेर आल्या आणि आंटी जागीच थांबल्या. हातातली औषधांची पिशवी खाली पडली.

"कुणी केलं हे?"

"मी, आंटी. शुभ असतं आमच्यात."

त्यांनी माझा हात धरून उलटा केला. तळवा अजून लाल होता. शेजारच्या चिनी अंकलनी स्टूल आणून दिलं, त्यावर तिथेच बसल्या.

"बगदादला आमच्या दारावर पण लाल हात आला होता," त्या म्हणाल्या. "मी पाच वर्षांची. ज्यूंची घरं कुठली ते कळावं म्हणून. दुसऱ्या दिवशी जमाव आला."

त्यांच्या वडिलांनी मुलांना गच्चीवरून शेजारच्या मुसलमान बाईंच्या घरात उतरवलं. ती बाई आपल्या दारात उभी राहिली आणि इथे कुणी नाही म्हणून ओरडत राहिली. दोन दिवसांनी घरी परतले तर चौकटीसकट दार गेलेलं. दुकान बघायला गेलेले मामा परत आलेच नाहीत.

मी पाणी आणलं, फडकं आणलं, घासायला लागलो. रंग नवा होता, गुलाबी डाग बसला.

"नको पुसू. तुझी चूक नाही, प्रोफेसर," आंटी म्हणाल्या. "पण आज माझ्याने आत जाववत नाही."

भाची त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. एक दिवस, मग आठवडा, मग महिना. दुसऱ्याच रविवारी मी सगळं दार पुन्हा रंगवलं. भाची म्हणाली, "आत्या रात्री दचकून उठते. घर विकावं लागेल बहुतेक." ती रागावली नव्हती, हे जास्त लागलं. चाळीस वर्षांच्या घरातून एका म्हाताऱ्या बाईला मी बाहेर काढलं होतं, आणि तेही त्यांचं भलं चिंतून.

त्या काळात मी लायब्ररीत बसून वाचलं. रशियातली गावं, जर्मनीतली शहरं, बगदाद. आधी अफवा, मग जमाव, आणि जमावात पुष्कळदा ओळखीचेच चेहरे. बगदादमधले बहुतेक ज्यू पुढच्या दहा वर्षांत देश सोडून गेले. पुस्तकांत हल्ला दोन दिवसांत संपतो. आमच्या मजल्यावर तो ऐंशीहून जास्त वर्षांनी पुन्हा आला होता, माझ्या हाताने.

सत्र संपलं आणि मी तिथून दूर, सेम्बावांगला खोली घेतली. भाचीला दर पंधरा दिवसांनी एकच प्रश्न पाठवायचो: आंटी कशा आहेत? 'तशीच' असं उत्तर यायचं. पुढे मलाच विचारायची लाज वाटू लागली.

काल दुपारी प्रयोगशाळेत होतो, तेव्हा भाचीचा मेसेज आला. "आत्याने घर विकायला साफ नकार दिला. सकाळी मी तिला बुकित बातोकला घेऊन गेले. तिने दार वरपासून खालपर्यंत पाहिलं, स्वतः किल्ली लावली, आणि मला म्हणाली, 'तू जा आता, मी राहते इथेच.'"