पोटातला निरोप

अकोल्याला दिवाळी सरली की हवा पांढरी होत असे. जिनिंगचा भोंगा वाजला की पत्र्यांच्या फटींतून रुईचे तंतू बाहेर पडत, रस्त्याकडेच्या कडुनिंबांवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, टपरीवरच्या दुधाच्या पातेल्यावर अलगद उतरत, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात आमची सारी वस्ती कुणी मलमलीखाली झाकून ठेवल्यासारखी दिसे. त्या शुभ्रतेला सरकीचा तेलकट, उबदार गंध होता, आणि त्या गंधाला जोडलेला एक आवाज होता, जिनात राबणाऱ्या माझ्या बाबांच्या खोकल्याचा. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी त्यांची छाती भरून येई. आठवडा सरता सरता थोडी मोकळी होई. 'घरी बसून अंगात आळस शिरते याईच्या,' एवढंच त्यावर मायचं निदान. मी तेव्हा अमरावतीला नर्सिंग शिकत होते. सुट्टीत घरी आले की बाबांच्या पाठीला कान लावून बसे, आणि ऐकलेलं कुणालाही सांगत नसे. आजही कापूस पिंजल्याचा वास आला की मी मागे वळून पाहते. मागे कुणी नसतं हे ठाऊक असतं, तरी वळते.

बाबा मुळातले जिनातले नव्हेत. पूर्णाकाठच्या आमच्या गावी मौतीचा निरोप परगावी पोचवणं हे जुन्या रिवाजाने आमच्या घराच्या माथी आलेलं काम होतं. गावातल्या कुणाही मोठ्या घरचं माणूस गेलं की त्याच्या दूर दिलेल्या लेकींना, सोयऱ्यांना कळवायला बाबा पायी निघत. कधी दर्यापूरच्या अंगाला, कधी पार मोर्शीच्या संत्राबागांपर्यंत. वाटेतला बराचसा मुलूख खारपाणाचा. काळ्याभोर जमिनीखाली पाणी आहे, पण ते तोंडात धरवत नाही इतकं खारं. उन्हाळ्यात त्या भेगाळलेल्या मातीतून चालत बाबा एखाद्या दारी पोचत तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असे, आणि नेमकी तेव्हाच त्यांची स्वतःची एक रीत आडवी येई. निरोप सांगून होईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. 'पानी पेलं का मानूस बसते,' ते म्हणत, 'बसलं का दम घेते, अन् दम घेतला का मंग तोंडातून शब्द निंगत नाही. पोटात निरोप हाय तोवर पोटात पानी नाही.'

हळूहळू ही रीत आसपासच्या गावांत सर्वांच्या ओळखीची झाली. बाबा दारात दिसले की घरातली बाई धास्तावून विचारी, 'पानी पेतं का?' बाबा नुसती नकाराची मान हलवत, आणि त्या हललेल्या मानेवरच घरात आकांत उठे. कोण गेलं ते नाव मागाहून सांगावं लागे. लहानपणी एकदा हट्टाने मी त्यांच्यासोबत गेले होते. माहेरचा निरोप ऐकायला उभी राहिलेली ती तरुण सून मला अजून दिसते. तिच्या हातातला पाण्याचा गडवा तिरपा झाला होता आणि तिच्याच पावलांवर पाणी सांडत होतं, पण तिला त्याचं भान नव्हतं. परतताना बाबांनी नदीच्या वाळूत झिरा उकरला आणि ते ओंजळीने पाणी प्यायले. मग बराच वेळ ते तिथेच वाळूत बसून राहिले. मला वाटलं, चालून दमले असतील.

पुढे शिक्षणाने मला कंठ फुटला. 'ते लोक तुमाले वरून धार सोडून पानी पाजत. तुमाले त्यायच्यासमोर ओंजळ धराची नोती, म्हनून तुमी पहिलेच नाही म्हनत होते,' असं एकदा मोठ्या तोऱ्यात मी त्यांना सुनावलं. बाबा हसले, हसता हसता खोकले, आणि खोकला निवल्यावर म्हणाले, 'दोनी खरं हाय, शांते.' एका वाक्यात त्यांनी माझं सगळं शहाणपण खिशात घातलं. त्याच्या कितीतरी आधी, छप्पन्न साली ते नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी हे काम कायमचं टाकलं. गावचे लोक समजावायला आले, मग दमात घ्यायला आले. 'आता तुमचे निरोप तुमीच न्या,' एवढंच बाबा बोलले. त्यानंतर गावात राहणं कठीण होत गेलं आणि आमचं बिऱ्हाड अकोल्याला, त्या पांढऱ्या हवेत आलं.

अमरावतीच्या इस्पितळात माझं शिक्षण पुरं झालं ते साठ सालानंतरच्या एका वैशाखात. वसतिगृहाच्या खिडकीतून आत येणारा तो वाळ्याच्या ताट्यांचा ओला सुगंध, राजापेठेतून येणारी सायकलरिक्षांची किणकिण, नव्या पांढऱ्या टोपीला घातलेली कडक खळ, सगळं माझ्यासाठीच मांडून ठेवल्यासारखं वाटे. इंग्लंडमधल्या इस्पितळांना नर्सेस हव्यात असं मेट्रनबाईंनी सांगितलं आणि मी होकार देऊन मोकळी झाले. तीन वर्षांचा करार होता. घरी आले, बाबांच्या पाठीला कान लावला, आणि दिलेला होकार मागे घ्यायचं ठरवलं. आतला तो सूं-सूं आवाज आता कान लावण्याआधीच ऐकू येत होता.

'मी नाही जात,' मी म्हटलं. बाबा चिडले. 'काहून? मी खोकलून राहिलो म्हनून? जाय तू.' मग त्यांनी मायला आणि माझ्या थोरल्या भावाला, दादाला, अंगणात बोलावून घेतलं आणि त्यांच्या देखत असं काही सांगितलं की कडुनिंबाची सळसळही मला नकोशी झाली. 'माही मौत हिच्यापर्यंत कोनी नेयाची नाही. पत्रात नाही, तारेत नाही, तोंडानंही नाही. मी जल्मभर लोकायच्या मौती वाह्यल्या. माही कोनी वाह्याची नाही. ते काम आपल्या घरातून गेलं.' मी रडले, भांडले. असं तोडून मला पाठवू नका म्हणाले. ते ऐकायला तयार नव्हते. माय पदराचं टोक दातात धरून उभी होती, आणि दादाने मान डोलावली ती मला मुळीच आवडली नाही.

निघायच्या दिवशी बाबा अकोल्याच्या फलाटावर पितळी गडव्यातून नळाचं गोडं पाणी घेऊन आले. गाडी हलण्याआधी त्यांनी आधी मला पाजलं, मग माझ्या डोळ्यांत पाहत उरलेलं स्वतः प्यायले. 'पाह्य, पेलो पानी. काई निरोप नाही माह्या पोटात,' असं म्हणून ते हसले, आणि मीही हसले. त्या हसण्याच्या आधारावर मी मुंबई गाठली, बोटीत चढले, समुद्र ओलांडला.

इंग्लंडच्या उत्तरेला, कापडगिरण्यांच्या एका गावात माझी नेमणूक झाली. कधी काळी आमच्याच वऱ्हाडातला कापूस समुद्र ओलांडून असल्या गिरण्यांत येत असे, हे शाळेत शिकलेलं मी विसरून गेले होते. पहिल्याच सोमवारी ते आठवलं. वॉर्डात म्हातारे गिरणीकामगार रांगेने पडलेले, आणि त्यांच्यातला एक जण हुबेहूब बाबांसारखा खोकला. तीच तळातून उमाळून येणारी ढास, तीच मध्येच तुटणारी दमछाक. मी हातातला ट्रे खाली ठेवला. नंतर कळलं की त्या लोकांचं दुखणंही असंच असे. सुट्टी संपून गिरणीत पाऊल टाकलं की सोमवारी छाती आवळून येई. मायने ज्याला आळस म्हटलं त्याचं कारण मला परक्या मुलखात सापडलं, आणि सापडून मी करणार काय होते? त्या म्हाताऱ्यांची पाठ मी जरा जास्तच वेळ चोळत असे. ते मला प्रेमळ समजत.

तिथल्या सिस्टर, म्हणजे वॉर्डाच्या मुख्य नर्स, मोठ्या दक्ष आणि मनाने चांगल्या बाई. माझा आवाज मऊ आहे असं त्यांचं मत झालं आणि हळूहळू नातलगांना मृत्यूची वार्ता सांगण्याचं काम माझ्याकडे येऊ लागलं. बाबांनी घराबाहेर काढलेलं काम बोटीत बसून माझ्या मागोमाग आलं होतं. सिस्टरांचा शिरस्ता असा की आधी नातलगाला लहान खोलीत बसवायचं, गोड चहा द्यायचा, स्वतःही एक कप घ्यायचा, आणि मग हलकेच सांगायचं. माझा कप तसाच राही. समोरची बाई चहा पिऊन संपवी, माझ्या भरलेल्या कपाकडे पाहीसुद्धा नाही, आणि मला सगळं शब्दांनी सांगावं लागे. कपाकडे पाहून ओळखणारं तिथे कुणी नव्हतं. कोरड्या घशाने ते शब्द उच्चारताना बाबा किती एकटे असत ते मला कळलं.

घरून दादाची पत्रं येत. 'बाबा बरे आहेत. बाबा विचारतात, तिथलं पाणी गोडं आहे का?' प्रत्येक पत्रात हा प्रश्न असे आणि प्रत्येक उत्तरात मी लिही, गोडं आहे बाबा, पण आपल्या गडव्यातल्यासारखं नाही. लिहिताना मात्र मन थाऱ्यावर नसे. 'बरे आहेत' हे शब्द बाबा असतानाही हेच, आणि बाबा नसतानाही हेच असणार होते. मी ते वाचून निश्चिंत व्हावं कसं? डोळ्यांसमोर बाबा एकाच वेळी खाटेवर बसलेलेही असत आणि नसतही. दुसऱ्या शरदात एका भर दुपारी, बाहेर ओल्या पानांचा कुजका गंध दाटलेला असताना, नुकत्याच रिकाम्या झालेल्या खाटेवर मी स्वच्छ चादर ताणत होते, आणि त्याच खाटेवरून मला खोकला ऐकू आला. खोकला, आणि त्यामागून, ढास निवली की बाबांच्या तोंडून निघे तो लहानसा 'हं'. चादरीला सुरकुतीही पडली नव्हती. भूतंखेतं, अंगारेधुपारे सगळं सोडलेल्या घरातली मी. स्वतःवर रागावले, दुसऱ्या खाटेकडे वळले. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या घशाखाली पाणी उतरलं नाही. पुढचं पत्र वेळेवर आलं. बाबा बरे होते आणि पाण्याची चौकशी करत होते.

करार संपवून मी परतले ते पुन्हा दिवाळीनंतरच्या दिवसांत. अकोल्याच्या फलाटावर सकाळचं कोवळं ऊन पसरलं होतं आणि हवेत तोच पांढरा उडता धागा होता. दादा एकटाच आला होता. तो हसला, माझी पेटी उचलली, प्रवास कसा झाला विचारलं. बाबा कसे आहेत हे मी विचारलं नाही. टपरीवरून दोन कप चहा घेतला आणि एक त्याच्या हाती दिला. माझा दादा चहाचा असा शौकीन की चटका बसला तरी थांबायचा नाही. तो कप धरून उभा राहिला. त्याने आगगाडीकडे पाहिलं, कडुनिंबाकडे पाहिलं, माझ्या चपलांकडे पाहिलं. चहावर साय धरली, तिच्यावर रुईचा एक तंतू येऊन बसला, तरी कप त्याच्या ओठांना लागला नाही.

मी ओळखलं. आधी भयंकर राग आला, बाबांचा, दादाचा, मी उत्तरं लिहिलेल्या त्या सगळ्या पत्रांचा. आणि मग असं पोरकं वाटलं की गर्दीत मोठ्याने हाक मारावी. 'बोलू नोको, दादा,' मी म्हटलं. 'चा पे.' त्याने तो थंडगार चहा एका घोटात संपवला आणि तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले. दिलेला शब्द त्याने मोडला नव्हता.

घरी पोचलो तेव्हा माय दारात उभी होती. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. ते पाहिलं आणि मी खुळ्यासारखी तिला ओलांडून आत डोकावले, खाटेकडे. दादाला चहा नकोसा असेल, मीच चुकले असेन, असं वाटलं. खाट भिंतीला उभी टेकवून ठेवली होती. मी वळले. माय तोच पितळी गडवा घेऊन समोर उभी होती, चेहरा कसाबसा सावरत, माझ्यासाठी, बाबांच्या हुकमासाठी, किती दिवसांपासून कोण जाणे.

'पानी पेतं का व माय?' तिने विचारलं.

मी मान हलवली.

गडवा तिच्या हातात तिरपा झाला, आणि इतके दिवस दाबून ठेवलेला तिचा हंबरडा त्या अंगणात फुटला. शेजारपाजारच्या बाया धावत आल्या. रडता रडता मायने पदराने कपाळ पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं. 'तुह्या बाबाचा हुकूम होता, माय,' एवढंच ती म्हणत राहिली.

बाबा कोणत्या दिवशी गेले ते मी तेव्हा विचारलं नाही आणि आजवर विचारलेलं नाही. ती शरदातली दुपार होती का, हेही नाही. खूप वेळाने दादाने गडवा पुन्हा भरून आणला, मायच्या आणि माझ्या मध्ये ठेवला. आधी माय प्यायली, मग मी. ते पाणी गोडं होतं का, असं बाबांनी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.