हद्द कायम

दाजींच्या घरी गेलं की चप्पल काढायच्या आत ते खुर्चीकडे न्यायचे. "आधी बसा, पाणी नंतर." मी नांदेडहून लातूरपर्यंत एस.टी.त उभी राहून आलेली, घशाला कोरड, आणि हे मला अंधाऱ्या हॉलच्या मधोमध बसवून म्हणायचे, "आता मान हलवू नका, मेव्हणीबाई. आवाज मागून पुढं कसा जातोय बघा." मग पाठीमागून हेलिकॉप्टर यायचं, डोक्यावरून जायचं आणि समोरच्या भिंतीत शिरायचं. "कळलं का?" मला फक्त तहान कळत असायची. दाजींना जाऊन दोन वर्षं होत आली. माणूस गेला की राग ओसरतो म्हणतात. माझा ओसरला नाही, आणि तो लपवावा असंही मला वाटत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. त्यांचा जन्म जमिनीच्या मोजणीत गेला. बांधावरून दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असले तरी हे शांतपणे टेप लावायचे, खुणेचा दगड रोवायचे आणि म्हणायचे, "हद्द कायम झाली. आता कुणी बोलायचं न्हाई." आणि कुणी बोलायचं नाही. कुणाच्या घरचा चहा घेतला नाही, कुणाच्या बाजूनं टेप ताणली नाही. एवढं त्यांचं चांगलं मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं सांगायला जमेल असं वाटत नाही.

निवृत्त झाले आणि ती टेप घरात आली. होम थिएटर घेतलं: पाच स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा घुमाऱ्याचा एक मोठा ठोकळा, त्याला ते सबवूफर म्हणत. आपल्याकडं लोक पाचही स्पीकर टीव्हीच्या शोकेसमध्ये ओळीनं मांडतात, वर क्रोशाचा रुमाल घालतात. दाजींना त्याची भयंकर चीड. "आवाजात बसायचं असतंय," ते म्हणायचे, "आवाजाचं प्रदर्शन मांडायचं नसतंय." त्यांनी सोफा हलवला, खिडक्यांना जाड पडदे लावून दिवसाउजेडी अंधार केला आणि खुर्चीच्या चारही पायांभोवती फरशीवर पिवळ्या रंगानं चौकोन काढले. झाडताना खुर्ची जराशी सरकली की आतून हाक यायची, "हद्द मोडली कुणी?" घरात अक्काशिवाय होतं कोण? एकुलती एक मुलगी लग्न होऊन हैदराबादला.

ठोकळा कुठं ठेवायचा हे ठरवायची त्यांची रीत तर बघण्यासारखी होती. ठोकळा खुर्चीवर ठेवून चालू केला आणि हे बनियनवर, भिंतीच्या कडेकडेनं, कान जमिनीशी नेत हॉलभर रांगत फिरले. जिथं घुमारा स्वच्छ ऐकू येईल तिथं ठोकळा न्यायचा म्हणे. मी आणि अक्का दारात उभ्या राहून पदर तोंडात धरून हसत होतो. टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात ते थांबले आणि खडूनं फुली मारली. अक्काचं हसू तिथंच थांबलं.

तो कोपरा महालक्ष्म्यांचा. भाद्रपदातले तीन दिवस ज्येष्ठा-कनिष्ठा तिथंच उभ्या राहायच्या. अक्काच्या सासूनं ठरवलेली जागा. वर फुलोरा टांगायची कडीसुद्धा तिनंच बसवून घेतलेली. आमच्याकडं ती जागा बदलत नाहीत. अक्का वर्षभर हूं की चूं न करणारी बाई, पण ते तीन दिवस घर तिचं असायचं. दाजीसुद्धा त्या कोपऱ्याकडं विचारून जायचे. तिच्या वाट्याला सगळ्या घरात तेवढीच जागा होती, आणि ह्या माणसानं तिथं विटांचा ओटा बांधला, वर काळा ग्रॅनाइट बसवला, तारा भिंतीत गाडल्या आणि सांगितलं, "ह्या साली मागच्या खोलीत मांड. पुढल्या साली सरकवतो."

मागची खोली म्हणजे मोरीच्या शेजारची. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वॉशिंग मशीनला वळसा घालून महालक्ष्म्यांपुढं जात होत्या. माझं डोकं फिरलं. पंगत उठायची वाटही मी बघितली नाही.

"दाजी, जन्मभर लोकांची अतिक्रमणं काढलीत. आणि हे काय केलंत?"

"मेव्हणीबाई, खामखा भांडायलात. आवाजाला जागा एकच असती. देवीला कुठलीबी चालती."

"देवीला चालत असेल. अक्काला चालत न्हाई."

"तिनं म्हणलं का तसं?"

अक्का पुरणपोळीचं ताट घेऊन दारातच उभी होती. ती तशीच पंगतीत वाढायला वळली. मला तिचाही तेवढाच राग आला. पुढल्या साली पुन्हा मोरीशेजारची खोली, आणि पुन्हा "पुढल्या साली सरकवतो."

दाजी हिवाळ्यातल्या एका दुपारी त्याच खुर्चीत गेले, सिनेमा चालू असताना. अक्का स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. सिनेमा संपून घर शांत झालं तेव्हा तिला कळलं. त्यांनी हाक मारली असेल का, हे ती मला अजून विचारते. काय सांगू? पाच स्पीकर आणि तो ठोकळा चालू असताना माणसाची हाक ऐकू येत नाही. ह्याचा राग मी मरेपर्यंत करणार आहे.

सुतकाचं वर्ष म्हणून पुढल्या भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या नाहीत. यंदा भाद्रपद लागला तशी मी मदतीला लातूरला गेले, आणि त्याच दिवशी मुदखेडहून अक्काची धाकटी जाऊ आली, पितळेचे मुखवटे न्यायला.

"जाऊबाई, आता तुम्हाला चालत न्हाई," ती दारातूनच म्हणाली. "सवाष्णीच्या हातानं उभ्या राहायला पाहिजेत. मी नेते आमच्याकडं."

म्हणजे दाजींनी जिवंतपणी कोपरा घेतला आणि मरून तिचा हातही काढून घेतला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्कानं जावेच्या खांद्याला धरलं आणि तिला थेट पिवळ्या चौकोनातल्या खुर्चीकडं नेलं.

"आधी बस. पाणी नंतर."

जाऊ गोंधळून बसली. पडदे निघाले होते, हॉलभर ऊन होतं. ठोकळा कोपऱ्यात नव्हता, तो अक्कानं मोरीशेजारच्या खोलीत ढकलला होता. काळ्या ओट्यावर चिंचेनं घासलेले दोन मुखवटे शेजारी शेजारी, आमच्याकडं तोंड करून ठेवलेले. वर कडीला नवी दोरी. ओटा मात्र दाजींनी पातळीत बांधलाय, मुखवटे जरासुद्धा कलले नव्हते.

"मान हलवू नको," अक्का म्हणाली. "समोर बघ."

"पण जाऊबाई, लोक काय..."

"हद्द कायम झाली. आता कुणी बोलायचं न्हाई."

मग ती पाणी आणायला आत गेली.